टँकरची वर्गणी आणि नेटची फी

भाचा हॉस्टेलला राहतो. त्याची फी भरायला या वर्षी मीच गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी काचेखालून पावती सरकवली, तिच्यावर सतरा ओळी. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, आणि बाराव्या ओळीत ‘इंटरनेट व वाय-फाय सुविधा शुल्क : १,५००’. हॉस्टेलची पावती वेगळी, तिच्यावर पुन्हा ‘नेटवर्क शुल्क’. बाईंना विचारलं, हे दोनदा का? त्या म्हणाल्या, “ते कॉलेजचं, हे हॉस्टेलचं.” लाइन तर एकच आहे ना? “ते सर सांगतील.” सर त्या दिवशी रजेवर होते.

पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. “मामा, नेट चालंना झालंय. रात्री साडेदहानंतर लॉगिनचं पान नुसतं फिरत राहतं. मी माझा तीनशेचा पॅक मारलाय.” म्हणजे एकाच इंटरनेटचे पैसे या पोराने तीनदा भरले, आणि त्यातलं चालतं ते तिसरं.

गाव आणि संस्था यांची नावं घेत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. नांदेडपासून धाराशिवपर्यंत कुठल्याही फीच्या पावतीवर अशी ओळ सापडू शकते. प्रश्न साधा आहे. जी संस्था बाहेरून घाऊक इंटरनेट घेते आणि मुलांना पैसे घेऊन देते, तिला इंटरनेटचा विक्रेता म्हणायचं की नाही? मी स्वतः एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो आणि दोन-तीन वर्षं खरेदी समितीवर बसलो आहे. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

आधी कायद्याचं बघू. १८८५ च्या तार कायद्याने तारेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला आणि इतर कुणाला तो धंदा करायचा तर परवाना घ्या, असं सांगितलं. इंटरनेट आलं ते याच छत्रीखाली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट विकायला सुरुवात केली, आणि खासगी कंपन्यांना परवाने मिळायला १९९८ उजाडलं. गंमत म्हणजे शिक्षणसंस्था या सगळ्याच्या आधीपासून नेटवर होत्या. अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं १९८६ मध्ये सुरू झालं. तेव्हा ते विकायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. संशोधकांनी एकमेकांना पत्रं पाठवायची, एवढंच. आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने येतो आहे, पण मूळ सूत्र तेच आहे : लोकांना दूरसंचार सेवा पुरवायची तर सरकारची परवानगी हवी.

यातला ‘लोकांना’ हा शब्द कळीचा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात सायबर कॅफेची व्याख्या आहे. नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून, सर्वसामान्य जनतेला, इंटरनेट देणारी जागा. दोन्ही अटी लागतात. औरंगपुऱ्यातल्या ज्या माडीवरच्या कॅफेत तासाला तीस रुपये देऊन आम्ही पहिला ईमेल आयडी काढला, तो कॅफे या व्याख्येत चपखल बसतो. कुणीही जिना चढावा, पैसे द्यावेत, बसावं. विद्यापीठाचं तसं नाही. तिथे ओळखपत्र लागतं, प्रवेश लागतो, आणि प्रवेश घेणारा पोरगा इंटरनेटसाठी आलेला नसतो. म्हणून संस्थेचं जाळं हे खासगी जाळं, आणि संस्था त्या जाळ्याची मालक, विक्रेता नव्हे, असा युक्तिवाद होतो. तो पोकळ नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी हाच युक्तिवाद वीस वर्षांपूर्वी केला होता. पोलिसांना संभाषण ऐकता यावं अशी यंत्रणा ब्रॉडबँड पुरवठादारांनी बसवावी, असा आदेश तिथल्या नियामकाने २००५ मध्ये काढला. विद्यापीठं कोर्टात गेली. २००६ मध्ये निकाल दोन विरुद्ध एक असा नियामकाच्या बाजूने लागला, तरी खासगी जाळ्यांना सूट आहे ही गोष्ट कायम राहिली. ब्रिटनमध्ये नेटवरच्या कॉपीराइटभंगाला आळा घालू पाहणाऱ्या २०१० च्या डिजिटल इकॉनॉमी कायद्यानंतर विद्यापीठं हाच प्रश्न उलट अंगाने विचारत होती : आम्ही पुरवठादार की ग्राहक? त्यांची धडपड पुरवठादार न ठरण्यासाठी होती, कारण पुरवठादार ठरलं की जबाबदाऱ्या मागे लागतात. आपल्याकडेही खरी गोम तिथेच आहे.

पण परदेशात कशाला जायचं? मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न पाण्यावरून जास्त लवकर कळतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते देशाने टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर दिसलं नाही ते गल्लीतलं अर्थशास्त्र. एखाद्या अपार्टमेंटमधली बारा घरं मिळून टँकर मागवतात. टँकरचे पैसे भागिले बारा. सेक्रेटरी वहीत लिहितो, वर्गणी गोळा करतो, ड्रायव्हरला देतो. या सेक्रेटरीला पाणीविक्रेता कुणीही म्हणणार नाही. त्याच गल्लीत पलीकडे एकाच्या बोअरला पाणी आहे. तो हंड्यावर भाव लावतो आणि एप्रिलचा भाव मेमध्ये वाढवतो. तो विक्रेता आहे हे सांगायला वकील लागत नाही. पाणी दोन्हीकडे पाणीच, पैसे दोन्हीकडे पैसेच. फरक वहीत आहे. सेक्रेटरीची वही कुणीही उघडून बघू शकतं, बोअरवाल्याकडे वही मागितली तर तो हंडा परत देईल.

तिसरा प्रकारही आम्ही पाहिला आहे. घरमालक भाडेकरूंना सांगतो, बाहेरचा टँकर माझ्या आवारात येणार नाही, पाणी माझ्याकडूनच घ्यायचं, पैसे भाड्यात धरलेत. पाणी दोन दिवस आलं नाही तर? “मी काय नगरपालिका आहे का?” भाडं मात्र एक तारखेला. आपल्या शिक्षणसंस्था नेटच्या बाबतीत हळूहळू या तिसऱ्या घरमालकासारख्या होत चालल्या आहेत, असं माझं मत आहे. विक्रेता म्हणवून घ्यायचं नाही, पण हिशोबाची वहीही उघडायची नाही.

संस्थेची बाजू आधी नीट मांडतो, नाहीतर समितीवरचे माझे सहकारी मला स्टाफरूममध्ये बसू देणार नाहीत. मुलांना वाटतं, नेट म्हणजे केबलवाल्याचं महिन्याचं बिल. तसं नसतं. घरच्या ब्रॉडबँडचा वेग अनेकांत वाटलेला असतो. संस्था घेते ती लीज्ड लाइन, वेग राखीव, आणि तिचा एमबीपीएसमागे (हे वेगाचं माप) भाव घरच्या कनेक्शनच्या कितीतरी पट. त्यावर १८ टक्के जीएसटी. जाळ्याची राखण करणाऱ्या फायरवॉलचं लायसन्स दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. हॉस्टेलच्या जुन्या इमारतीच्या दगडी भिंती अशा, की वाय-फाय सोडणाऱ्या एका अ‍ॅक्सेस पॉइंटचा सिग्नल तिसऱ्या खोलीत पोचत नाही. मेमधल्या वळवाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली की नेटवर्कचे दोन-चार स्विच जातात, ते वॉरंटीत बसत नाहीत. शिवाय एप्रिल २०२२ पासून सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा आदेश आहे : १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवा. कोण, कधी, कुठल्या मशीनवरून. त्यासाठी स्टोरेज आणि माणूस लागतो. वेतनेतर अनुदानाची रड तर जुनीच. तेव्हा पैसे कुठून तरी यावे लागतात, आणि मुलांकडून घेतले म्हणून संस्था लगेच दुकानदार होत नाही.

इथपर्यंत मी संस्थेबरोबर आहे. पुढे नाही.

कारण यातला बराच खर्च सरकारने एकेकाळी स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, हे पावतीवर कुठेच दिसत नाही. केंद्राच्या २००९ च्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून विद्यापीठांना एक गिगाबिटची जोडणी द्यायचं ठरलं. खर्चाचे ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के संस्थेचे. पाठोपाठ मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली, ५,९९० कोटींची. हा पैसा करदात्यांचा. ज्या संस्थेला अशी जोडणी मिळाली, तिने त्यावर मुलांकडून शुल्क घेतलं, तर ते कशाचं? केबल, स्विच, माणूस, याचं असेल तर तसं लिहा. बँडविड्थचं, म्हणजे लाइनच्या वेगाचं असेल तर ती विक्री झाली, आणि तीही बऱ्याच अंशी फुकट मिळालेल्या मालाची.

आता एक गणित करू. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या पावतीवरचे घालून पाहावेत. हॉस्टेलमध्ये ४०० मुलं, लाइन १०० एमबीपीएसची. रात्री दहाला सगळी मुलं खोलीत. सारखे वाटे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव एमबीपीएस. एवढ्यात लेक्चरचा व्हिडिओ धड चालत नाही. या चारशे मुलांनी वर्षाला दीड हजार भरले तर सहा लाख झाले. सहा लाखांत लाइन, लायसन्स, दुरुस्ती किती, आणि उरलं किती? हा प्रश्न मी आमच्याच समितीत विचारला होता. नेटचं शुल्क जमा होतं ‘इतर शुल्क’ या खात्यात, खर्च पडतो ‘कार्यालयीन खर्च’ या खात्यात, आणि दोन्ही खात्यांची गाठ घालून द्यायचं काम कुणाकडेच नाही, असं त्या दिवशी कळलं. चोरी होती असं मी म्हणत नाही. वहीच नव्हती.

शुल्कांच्या या भाषेत महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय चांगलाच. पण माफी या दोन ओळींना. उरलेल्या ओळी मुलीच्या बापाच्या खिशातून. म्हणजे जो खर्च शिक्षण शुल्कात धरला तो सरकार देतं, आणि तोच खर्च वेगळ्या ओळीत काढला की सोयाबीनच्या पट्टीतून जातो. नेटसाठी वेगळी ओळ काढणं ही लेखापालाची सोय असेलही, पण गेवराईच्या किंवा औंढ्याच्या घरात ती सोय पंधराशे रुपयांना पडते.

आणि ही ओळ ऐच्छिक असायला नेट आता चैनीची गोष्ट तरी राहिली आहे का? परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, निकाल ऑनलाइन, क्रेडिट म्हणजे श्रेयांक जमा करायचा आयडी ऑनलाइन. केंद्राच्या स्वयम् या पोर्टलवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून एका सत्राची ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२१ चा नियम आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका हॉस्टेलच्या मुलीच्या प्रकरणात इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग धरला. पदवीची वाटच जिथून जाते त्या दारावर वेगळं तिकीट लावणं म्हणजे खडूचे पैसे वेगळे मागण्यासारखं आहे. तसे पैसे आजवर कुणी मागितले नाहीत, नशीब.

माझा खरा राग मात्र पैशांपेक्षा तक्रारीच्या प्रश्नावर आहे. भाच्याचं मोबाइलचं नेट बंद पडलं तर त्याला जायला जागा आहे. आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग अपील, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केल्यापासून ग्राहक आयोगाचं दारही नक्की उघडं. हॉस्टेलचं नेट बंद पडलं तर? दूरसंचार नियामकाच्या लेखी संस्था ही ग्राहक. ती आणि कंपनी बघून घेतील, मुलगा त्या करारात नाहीच. मग ग्राहक आयोगात जावं तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात म्हटलं आहे की विद्यार्थी हा ग्राहक नाही आणि विद्यापीठ शिक्षण देताना सेवा विकत नाही. परीक्षा आणि पदवीच्या बाबतीत हे मला पटतं. नापास झालो म्हणून नुकसानभरपाई द्या, असं म्हणायला लागलो तर विद्यापीठ बंद करावं लागेल. पण तीच ढाल वाय-फायच्या पंधराशे रुपयांपुढेही धरली जाते. करातही हाच प्रकार : विद्यार्थ्याला दिलेली सेवा ती शिक्षणसेवा, म्हणून जीएसटी माफ. घेताना दुकान, विचारलं की गुरुकुल.

काही ठिकाणी तर गोष्ट याच्याही पुढे गेली आहे. हॉस्टेलचं नेट ठेकेदाराकडे दिलेलं असतं. तो कूपन विकतो, महिन्याचं वेगळं, सत्राचं वेगळं, एका मशीनला एक भाव, लॅपटॉप जोडला की दुसरा. ठेकेदार संस्थेला वर्षाला ठरावीक रक्कम देतो किंवा वाटा देतो. मुलांनी बाहेरच्या केबलवाल्याला खोलीपर्यंत वायर आणू द्यायची नाही, ही अट हॉस्टेलच्या नियमावलीत आधीच घातलेली. इथे माझ्या मनात शंका राहत नाही. पर्याय बंद, भाव मशीनवर, आणि वाटा. हे बोअरवाल्याचं दुकान आहे, मग पाटी कसलीही लावा. इंटरनेट विकणाऱ्याला जे नियम लागू होतात ते इथे लागू व्हायला हवेत, आणि लीज्ड लाइनच्या करारात ‘स्वतःच्या वापरासाठी, पुनर्विक्री नाही’ असं जे कलम असतं ते कंपनीने आणि संस्थेने एकदा चष्मा लावून वाचायला हवं.

उघड विकायचं असेल तर आता वाटही आहे, हे विशेष. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहाची टपरी, किराणा दुकान, कुणीही सार्वजनिक वाय-फाय लावून पाच-दहा रुपयांची पाकिटं विकू शकतं. टपरीवाल्याला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. तो एका मोठ्या संयोजकाशी जोडला जातो, आणि नोंदी, ओळख, पैसे यांची व्यवस्था तो संयोजक बघतो. म्हणजे कॉलेजच्या गेटबाहेरचा चहावाला कायद्याने, उघडपणे, पुनर्विक्रेता आहे. त्याचा भाव पाटीवर असतो, आणि नेट चाललं नाही तर पोरं उद्या दुसऱ्या टपरीवर बसतात. गेटच्या आत हे दोन्ही नाही.

मी संस्थांनी परवाने काढावेत असं सुचवत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीनचं वाण सोडून लायसन्स फीचे तक्ते भरत बसावं, यात कुणाचं भलं नाही. नेट शिक्षणाचाच भाग आहे असं म्हणत असाल तर ते शिक्षण शुल्कात घ्या, वेगळी ओळ खोडा, आणि शुल्क ठरवणाऱ्या प्राधिकरणापुढे तो खर्च मांडा. वेगळी ओळ ठेवायचीच असेल तर ती टँकरच्या वर्गणीसारखी ठेवा : लाइन किती एमबीपीएसची, वर्षाचं बिल किती, मुलं किती, उरलं किती. एक कागद, नोटीस बोर्डावर. ज्याला नको त्याला नाही म्हणता यावं. महिनाभर बंद राहिलं तर महिन्याचे पैसे परत. हे तिन्ही जमत नसेल तर मग दुकान आहे असं मान्य करा आणि दुकानदाराचे नियम पाळा.

समितीत मी हे बोललो तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, “एवढ्या तपशिलाचं काय करणार ती पोरं? त्यांना नेट पाहिजे.” बरोबर आहे. पण नेटही मिळत नाही आणि तपशीलही, तेव्हा निदान एक तरी मागावं.

गेल्या महिन्यात भाच्याने दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. चारच प्रश्न : लाइनचा वेग, वर्षाचं बिल, नेटवर्क शुल्काची एकूण जमा, ठेकेदाराशी करार असल्यास त्याची प्रत. अर्ज मी लिहून दिला, अक्षर त्याचं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या तीन प्रश्नांपुढे ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’. चौथ्यापुढे ‘व्यावसायिक गोपनीयतेच्या कारणास्तव देता येत नाही’. मी ती ओळ दोनदा वाचली. व्यावसायिक, असं त्यांनीच लिहिलं आहे. अपिलात सगळ्यात वर तोच शब्द घातला आहे.